सात सीटची गाडी घेताय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

गणपतीला गावी जायचं, लग्नाला सगळ्यांनी मिळून निघायचं, आजी-आजोबांना घेऊन देवदर्शनाला जायचं. अशा वेळी घरात एकच वाक्य ऐकू येतं, "एका गाडीत सगळे मावले पाहिजेत." मग शोध सुरू होतो सात सीटच्या गाडीचा. रील्स बघितल्या जातात, मोठा टचस्क्रीन, सनरूफ, ३६० अंशांचा कॅमेरा, गार हवा देणाऱ्या सीट अशा फीचर्सची तुलना होते आणि बुकिंग होतं.

पण या यादीतल्या बहुतेक गोष्टी पहिल्या रांगेसाठी असतात. सातव्या माणसाचं काय? पाच सीटच्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजायचे ते मागच्या त्या दोन जागांसाठीच. म्हणून मोठ्या फॅमिली कारचा आराम तपासायचा तर सुरुवात शेवटच्या रांगेपासून करायला हवी. तिथं नेमकं काय बघायचं, कोणत्या सोयी खरंच उपयोगी पडतात आणि कुठं जिवाशी गाठ असते, हे समजून घेऊ.

सात सीटची गाडी घरात आली कशी?

भारतात बरीच वर्षं 'मोठी गाडी' म्हणजे जीप किंवा तिच्यावर बेतलेली गाडी. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन हे नाव ठेवलं होतं. सुमोच्या काही प्रकारांत मागे समोरासमोर तोंड असलेली बाकडी होती. गावाकडच्या वडापमधून प्रवास केलेल्यांना ती बैठक वेगळी सांगायला नको.

२००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली आणि २००५ मध्ये तिची जागा इनोव्हानं घेतली. तिसऱ्या रांगेतही मोठा माणूस पुढे तोंड करून नीट बसू शकतो, ही इनोव्हाची खरी ओळख ठरली. २०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा आली आणि सात सीटची गाडी मध्यमवर्गीय बजेटच्या जवळ पोहोचली. २०१९ मध्ये रेनॉनं चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या ट्रायबरमध्ये सात सीट बसवल्या. पुढे महिंद्रा एक्सयूव्ही ७००, किया कॅरेन्स आणि टोयोटा इनोव्हा हायक्रॉस अशी रांगच लागली.

या सगळ्या गाड्यांच्या कागदांवर 'सात सीट' असंच लिहिलेलं असतं. पण त्या सात जागा सारख्या नसतात.

तिसऱ्या रांगेत गुडघे वर का येतात?

तिसरी रांग साधारण मागच्या चाकांच्या वर येते. तिच्या खाली मागचा अ‍ॅक्सल, सस्पेन्शन आणि काही गाड्यांत इंधनाच्या टाकीचा भाग असतो. त्यामुळं तिथली जमीन उंच असते. वर छप्पर मात्र मागे उतरत जातं, म्हणून सीट फार उंच करता येत नाही. उंच जमीन आणि बुटकी सीट यांचा परिणाम म्हणजे गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि शरीराचं सगळं वजन माकडहाडावर पडतं.

अर्धा तास हे जाणवत नाही. दोन तासांनी कंबर बोलायला लागते. म्हणून 'पाय ठेवायला जागा आहे का' एवढंच बघून भागत नाही. मांडीखाली सीटचा आधार मिळतोय का, हे बघणं जास्त महत्त्वाचं. मधल्या रांगेच्या सीटखाली पाऊल सरकवायला जागा असेल तर पाय थोडे लांब करता येतात. तिसऱ्या रांगेची पाठ मागे कलत असेल तर कंबरेला बराच आराम मिळतो.

लांबी बघायची की व्हीलबेस?

गाडीची एकूण लांबी बंपरपासून बंपरपर्यंत मोजतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस. माणसांना मिळणाऱ्या जागेचा अंदाज लांबीपेक्षा व्हीलबेसवरून जास्त चांगला येतो.

- ट्रायबर: लांबी ३.९९ मीटर, व्हीलबेस २,६३६ मिलिमीटर
- अर्टिगा: लांबी सुमारे ४.४ मीटर, व्हीलबेस २,७४० मिलिमीटर
- कॅरेन्स: लांबी ४.५४ मीटर, व्हीलबेस २,७८० मिलिमीटर
- इनोव्हा क्रिस्टा: लांबी सुमारे ४.७४ मीटर, व्हीलबेस २,७५० मिलिमीटर
- इनोव्हा हायक्रॉस: लांबी सुमारे ४.७६ मीटर, व्हीलबेस २,८५० मिलिमीटर

शेवटच्या दोन गाड्या बघा. लांबीत जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक, पण व्हीलबेसमध्ये दहा सेंटिमीटरचा. कारण दोघींची बांधणी वेगळी आहे. क्रिस्टा लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर उभी आहे आणि इंजिनची ताकद मागच्या चाकांना देते. हायक्रॉस मोनोकॉक आहे, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच, आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट नसला की खालची जमीन सपाट आणि खोल करता येते.

मोनोकॉक गाडी साधारणपणे रस्त्यावर जास्त सफाईनं चालते, वळणावर कमी झुलते आणि चढ-उतरायलाही सोपी असते. लॅडर फ्रेमची गाडी खराब रस्ता आणि वर्षानुवर्षांचं ओझं सोसण्यासाठी ओळखली जाते. घरच्या वापरात पाचांपैकी चार फेऱ्या डांबरी रस्त्यावरच होणार असतील, तर मागे बसणाऱ्यांच्या पाठीला पहिला प्रकार सहसा जास्त मानवतो.

मधली रांग: बाक की दोन कॅप्टन सीट?

बऱ्याच मोठ्या गाड्या सहा किंवा सात सीटच्या रूपात मिळतात. सहा सीटच्या गाडीत मधे दोन स्वतंत्र कॅप्टन सीट असतात, प्रत्येकीला हात टेकवायला जागा असते आणि मधल्या वाटेनं मागे जाता येतं. ज्येष्ठांना लांबच्या प्रवासात या सीट आवडतात. पण एक माणूस कमी बसतो.

सात सीटच्या गाडीत मधे तिघांचा बाक असतो. मागे जायचं तर बाकाचा एक भाग पुढे दुमडून उलटवावा लागतो. कॅरेन्ससारख्या गाडीत हे काम एका बटणावर होतं, तर इतर अनेक गाड्यांत खटका ओढून ताकद लावावी लागते.

लहान मूल असलेल्या घरांत इथं एक अडचण बहुतेक वेळा खरेदीनंतरच लक्षात येते. मुलाची चाइल्ड सीट मधल्या रांगेत पक्की बसवली की ती बाजू उलटवता येत नाही. चाइल्ड सीट नेमकी वाटेच्या बाजूला आली तर तिसऱ्या रांगेची वाटच बंद. त्यामुळं चाइल्ड सीट कुठं लागणार आणि मागे कुणीकडून जाणार, हे शोरूममध्येच करून बघावं. अशा घरासाठी मधून वाट असलेली सहा सीटची गाडी कित्येकदा सात सीटपेक्षा सोयीची पडते.

आजी-आजोबांसाठी सीटची जमिनीपासूनची उंची महत्त्वाची. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यांवर ताण येतो, फार वर असेल तर चढावं लागतं. उभं राहून मागे टेकताच बसता आलं, तर ती उंची बरोबर. कार्निव्हलसारख्या गाडीची सरकती दारं अरुंद पार्किंगमध्ये फार कामाची, पण तिची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे.

एसीची हवा शेवटपर्यंत पोहोचते का?

एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात दुपारी गाडी काढली की फरक कळतो. पुढे बसणारे "थंडी वाजतेय, पंखा कमी करा" म्हणतात आणि मागचे घामाघूम.

मागच्या एसीचे दोन प्रकार असतात. काही गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी हवा थंड करणारा स्वतंत्र कॉइल आणि पंखा असतो. काही गाड्यांत नुसता पंखा असतो आणि तो केबिनमधलीच हवा मागे फेकतो. जाळी दोन्हीकडे सारखीच दिसते. म्हणून 'मागे व्हेंट आहेत का' असं विचारण्यापेक्षा 'मागे स्वतंत्र कूलिंग आहे का, आणि तिसऱ्या रांगेसाठी वेगळे व्हेंट आहेत का' असं विचारावं. छतातून येणारी हवा चेहऱ्यापर्यंत पोहोचते. पायाजवळच्या व्हेंटची हवा पुढच्या सीटलाच अडते.

उन्हाचाही विचार हवा. काचेवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मनाई केली. त्यामुळं कंपनीनं दिलेले, खिडकीतून वर ओढायचे पडदे असतील तर ते मोठं सुख. मोठं सनरूफ दिसायला छान, पण उन्हाळ्यात त्याचा पडदा नीट बंद होतो का आणि कितपत जाड आहे, हे आधी बघावं.

आणखी एक गोष्ट. सात माणसं बसलेली असताना एसी तासन् तास 'आतली हवा फिरवा' या मोडवर ठेवला तर आतली हवा शिळी होते आणि सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घेणं चालकासाठीही चांगलं.

'गाडी लागते' त्याचं काय?

कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो, आपण हलतोय. डोळ्यांना मात्र समोर पुढच्या सीटची स्थिर पाठ दिसत असते. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. तिसऱ्या रांगेत खिडकी लहान, समोरचा रस्ता दिसत नाही आणि मागच्या चाकांजवळ असल्यानं उसळी जास्त. म्हणून आंबोली किंवा कुंभार्लीसारख्या घाटात मागे बसलेल्या मुलांनाच आधी त्रास होतो.

ज्यांना गाडी लागते त्यांना घाट येण्याआधी पुढे किंवा मधल्या रांगेत बसवावं, नजर लांब ठेवायला सांगावं आणि मोबाइल बाजूला ठेवायला लावावा. मुलं शांत बसावीत म्हणून मागे लावलेला स्क्रीन सपाट महामार्गावर चालून जातो, घाटात तोच त्रास वाढवतो.

माणसं मावली, बॅगा कुठं?

सातही सीट उभ्या असताना मागे डिकी किती उरते, हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. ट्रायबरमध्ये ८४ लिटर उरतात, अर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६ आणि हायक्रॉसमध्ये सुमारे ३००. विमानात सोबत नेतो ती लहान ट्रॉली बॅग साधारण ३५ ते ४० लिटरची असते. म्हणजे ट्रायबरमध्ये सात माणसं बसली तर अशा दोनच बॅगा. तिसरी रांग काढली की मात्र तिच्यात ६२५ लिटर जागा होते. अर्टिगाची मागची रांग दुमडली की ५५० लिटर.

थोडक्यात, मध्यम आकाराच्या गाडीत 'सात माणसं किंवा पाच माणसं आणि सामान' असा हिशेब असतो. सीएनजीची गाडी घेणाऱ्यांनी तर टाकी बसवलेल्या गाडीचीच डिकी उघडून बघावी, कारण टाकी बहुधा तिथंच असते.

आरामापेक्षा मोठा प्रश्न: बेल्ट

मागे बसणाऱ्यांना बेल्ट लागत नाही, हा समज अजून गेलेला नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले प्रवासी यांचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघं वाचले.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरनं चाललेली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. ६० किलोचा माणूस जवळपास ८४० किलोच्या जोरानं पुढच्या सीटवर आदळतो. १० किलोची सैल बॅग १४० किलोची होते. मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवणं त्या क्षणी कुणालाही शक्य नसतं.

मागे पुढे तोंड करून बसणाऱ्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार बेल्ट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तरी तेवढाच. दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की गाडी घेताना पुढच्या गोष्टी तपासता येतात:

- सातही जागांवर खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट आहे का? मधल्या रांगेतल्या मधल्या जागेवर फक्त कमरेचा पट्टा तर नाही ना?
- सातही जागांवर डोक्याला आधार आहे का? तिसऱ्या रांगेत मागची काच डोक्याच्या अगदी जवळ असते, तिथं तो वर ओढलेलाच हवा.
- कर्टन एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का? 'सहा एअरबॅग' या आकड्यावरून हे कळत नाही.
- चाइल्ड सीटसाठी आयसोफिक्सचे हुक कोणत्या सीटवर आहेत?

बोलेरो निओसारख्या काही गाड्यांत मागे आजही बाजूला तोंड असलेल्या सीट आहेत. जवळच्या फेरीसाठी त्या चालून जातात, पण महामार्गावरच्या कौटुंबिक प्रवासासाठी, विशेषतः मुलांसाठी, ती जागा योग्य नाही.

कोणत्या फीचरला पैसे मोजावेत?

रोज उपयोगी पडतात अशा गोष्टी: मागचा स्वतंत्र एसी, तिन्ही रांगांत चार्जिंग पॉइंट, पुढे-मागे सरकणारी मधली रांग, खिडकीचे पडदे, मागचा कॅमेरा. साडेचार मीटरची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे घेताना हा कॅमेरा पहिल्याच आठवड्यात पैसे वसूल करतो.

काहींनाच उपयोगी पडणाऱ्या गोष्टी: छिद्रं असलेल्या सीटमधून पंख्यानं हवा खेळवणारी व्हेंटिलेटेड सीट. दमट कोकणात किंवा मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ती खरंच बरी वाटते, पण बहुतेक गाड्यांत ती फक्त पुढच्या दोघांना मिळते. लेदरसारखं कव्हर पुसायला सोपं, पण उन्हात तापतं. कापडी सीट कमी तापते, डाग मात्र पकडते.

दाखवण्यापुरत्या गोष्टी: रंगीत अँबियंट लाइट, हाताच्या इशाऱ्यावर चालणारी बटणं. यांच्यासाठी वरचं व्हेरिएंट घेण्याआधी, खालच्या व्हेरिएंटमध्ये एअरबॅग आणि बेल्ट तेवढेच आहेत का ते बघावं. असतील तर उरलेल्या पैशांतून चांगली चाइल्ड सीट आणि चांगले टायर येतात.

गाडी भरली की हे विसरू नका

सात माणसं आणि त्यांचं सामान मिळून सहज ५०० किलो होतात. एकटा चालक असतानाची गाडी आणि ही गाडी वेगळी असते. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, ओव्हरटेकला जास्त वेळ लागतो.

- चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी टायरमध्ये किती हवा हवी ते दिलेलं असतं. निघण्याआधी, टायर थंड असताना तेवढी भरावी.
- मागे ओझं पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकडे असलेलं चक्र असेल तर ते फिरवून प्रकाश खाली घ्यावा.
- जड बॅगा खाली, सीटच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात. सीटच्या वर रचलेलं सामान मागची काच झाकतं आणि जोरात ब्रेक लागला की डोक्यावर येतं.
- छतावरच्या कॅरिअरवर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. वर जड सामान टाकलं की वळणावर गाडी जास्त झुकते.

टेस्ट ड्राइव्हला कुणाला न्यायचं?

एकट्यानं जाऊ नये. घरातला सगळ्यात उंच माणूस, सगळ्यात वयस्कर माणूस आणि चाइल्ड सीट असेल तर ती, हे तिन्ही सोबत न्यावं. चालकानं आधी स्वतःची सीट नेहमीसारखी लावावी, मग त्यामागची, मग तिसरी. सेल्समन पुढच्या सीट सरकवून मागे भरपूर जागा दाखवतो, पण प्रवासात त्या तशा राहत नाहीत.

मग दहा मिनिटं स्पीडब्रेकर आणि खड्डे असलेल्या रस्त्यावर, सगळ्या सीट भरून, एसी लावून फिरावं. घेणाऱ्यानं स्वतः निम्मा वेळ तिसऱ्या रांगेत बसावं. तिथून बाहेर पडायला किती वेळ लागतो तेही बघावं, कारण अपघातात किंवा आग लागल्यावर तेच अंतर पार करायचं असतं.

आणि शेवटी एक साधा हिशेब. वर्षातून तिसरी रांग नेमकी किती दिवस वापरली जाणार? महिन्यातून दोन-तीनदा सातजण निघत असतील, तर मागे नीट जागा असलेली गाडी घेण्यात अर्थ आहे, भले दोन फीचर कमी मिळोत. वर्षातून तीन-चार दिवसांचाच प्रश्न असेल, तर चांगली पाच सीटची गाडी घ्यावी आणि त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्यानं घ्यावी. त्यात पैसेही वाचतात आणि आजीला दरवेळी मागच्या रांगेत चढायलाही लागत नाही.